सिस्टिम बदलली आणि एक्स्टर्नल हार्डडिस्कमध्ये काही पेस्टच होईना? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

आधी लक्षणं सांगतो, तुमचं यातलं कुठलं आहे ते बघा.

हार्डडिस्क लावली की दिसते, उघडते, आतले फोटो-व्हिडिओ सगळे चालतात, पण राइट क्लिक केलं की 'पेस्ट' फिकट पडलेलं असतं, दाबलंच जात नाही. लिनक्सवर 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' (म्हणजे नुसतं वाचा, लिहिता येणार नाही) असा मेसेज येतो किंवा फोल्डरच्या आयकॉनवर बारकं कुलूप दिसतं. मॅकवर 'न्यू फोल्डर'सुद्धा फिकट असतं. विंडोज नव्यानं टाकलेलं असेल तर आपल्याच फोल्डरवर 'ॲक्सेस डिनाइड' येतं. कधी छोट्या फायली आरामात जातात आणि लग्नाचा मोठा व्हिडिओ तेवढा जात नाही. कधी कॉपी निम्म्यात येते आणि डिस्कच गायब होते. आणि सगळ्यात घाबरवणारं म्हणजे विंडोज म्हणतं, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल.

ही सगळी लक्षणं वरवर एकसारखी वाटतात पण कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून मित्राला जे लागू पडलं ते तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

सोलापुरात माझ्याकडे हा प्रॉब्लेम आता सारखाच येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, मग जुन्या पीसीवर कोणी लिनक्स मिंट टाकलं, कोणी उबुंटू (तेही लिनक्सच), काही स्टुडिओवाल्यांनी मॅक घेतला. पीसी बदलला, डिस्क तीच राहिली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलचे डिझायनर, नवी पेठेतले लग्नपत्रिका-फ्लेक्सवाले, फोटोग्राफर, सगळ्यांची वर्षानुवर्षांची फाइल त्या एका डिस्कवर असते, आणि फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "डिस्क गेली वाटतं, पेस्ट होईना झालंय बघा."

बहुतेक वेळा डिस्क गेलेली नसते. वाचता येतंय म्हणजे डेटा जागेवर आहे, फक्त नवी सिस्टिम त्यावर लिहायला तयार नाही. एवढं कळकळीनं सांगतो की फॉरमॅटचा मेसेज आला तर कॅन्सल करा, आणि वाचता येतंय तोवर कामाच्या फायली दुसरीकडे कॉपी मारून ठेवा, मग खालचं सगळं करा. हे आधी करायचं कारण साधं आहे, पुढच्या काही स्टेप्समध्ये डिस्कवर लिहिलं जातं आणि लिहिताना काही बिघडलं तर परत यायला जागा पाहिजे.

१. केबल, पोर्ट, हब

फुकटचं काम आहे म्हणून पहिलं हेच. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा, मध्ये हब असेल तर तो काढा, केबल बदलून बघा. छोट्या पोर्टेबल डिस्कला वेगळा ॲडाप्टर नसतो, ती यूएसबीवरच चालते. यूएसबी २.० चा पोर्ट नियमानं ५०० मिलिअँपिअर देतो आणि ३.० चा ९००. वाचताना भागून जातं, पण मोठी कॉपी सुरू झाली की करंट कमी पडतो, डिस्क क्षणभर बंद होऊन परत चालू होते, आणि लिनक्स अशा वेळी सुरक्षेसाठी डिस्क रीड-ओन्ली करून टाकू शकतं. तुम्हाला वाटतं सिस्टिम बदलल्यानं झालं, खरं कारण नव्या पीसीचा ढिला पोर्ट असतो.

त्या रुंद चपट्या पिनच्या केबली तर फारच लवकर ढिल्या होतात. डिस्क टेबलावर ठेवून केबल जराशी हलवा, लाइट लुकलुकली की केबल बदला, पुढचं काही बघायची गरज नाही.

अजून एक, आपल्याकडचा एप्रिल-मे. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं, आणि आपल्याकडं बाहेर चाळिशी पार असते. पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी दोन-दोन तास कॉपी लावू नका, सकाळी लावा, आणि डिस्क चादरीवर किंवा गादीवर ठेवू नका, खालून गरम होते.

२. जागा खरंच शिल्लक आहे का

वाटतं की हे काय बघायचं, पण इथं सिस्टिम बदलण्याचा थेट संबंध आहे. विंडोजवर डिलीट केलेल्या फायली डिस्कवरच्याच लपलेल्या रीसायकल बिनमध्ये राहतात, लिनक्स स्वतःचं वेगळं लपलेलं ट्रॅश फोल्डर करतं, मॅक त्याचं तिसरंच. नव्या सिस्टिमला जुन्या सिस्टिमचा कचरा कचरा म्हणून दिसत नाही, तुम्ही ट्रॅश रिकामा केला तरी तो तसाच पडून राहतो. लिनक्सवर फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, मॅकवर कमांड, शिफ्ट आणि टिंब, लपलेले फोल्डर दिसायला लागतील, रीसायकल किंवा ट्रॅश नावाच्या फोल्डरात काय आहे ते एकदा उघडून बघा आणि मगच काढा.

डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये (फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर फायली मांडायची पद्धत) केलेली असेल तर अजून एक गोष्ट आहे, फॉरमॅट करताना ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे लिनक्सच्या मुख्य ॲडमिन युजरसाठी, राखून ठेवली जाते. १ टीबीच्या डिस्कवर ती ५० जीबी होते. शेवटी शेवटी 'डिस्क फुल' येतं आणि हिशोब जुळत नाही त्याचं कारण हे. नुसत्या डेटाच्या डिस्कवर ही राखीव जागा काढून टाकता येते, त्यानं डेटाला काही होत नाही.

३. फक्त मोठीच फाइल अडते का, की ठरावीक नावाचीच

४ जीबीच्या वरची फाइल तेवढी जात नसेल तर डिस्क फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिममध्ये आहे, दुसरं काही शोधत बसू नका. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, डिस्क २ टीबीची असली तरी. टीव्हीला किंवा म्युझिक सिस्टिमला लावायची म्हणून कोणीतरी कधीतरी तशी करून ठेवलेली असते. विंडोजमध्ये फॅट३२ ची एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) करायची सोय आहे, डेटा न पुसता होतं, पण मॅकवाल्यांनी ते करायच्या आधी चौथा मुद्दा वाचा.

आता नावं. लिनक्सवर फाइलच्या नावात कोलन, प्रश्नचिन्ह, स्टार हे सगळं चालतं, विंडोजच्या पद्धतीच्या डिस्कवर चालत नाही. स्क्रीनशॉटच्या नावात वेळ टाकताना कोलन येतो आणि सगळं फोल्डर कॉपी करताना नेमकं तिथं येऊन थांबतं. आणि मराठीत नावं देणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा, ईएक्सटी४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते. म्हणजे साधारण ८५ चिन्हं झाली की संपलं. 'चि. सौ. कां.' पासून सुरू करून वधूवरांची पूर्ण नावं, मंगल कार्यालय आणि तारीख असं सगळं फाइलच्या नावात टाकलं की ते विंडोजवर चालून जातं, इथं 'फाइल नेम टू लाँग' म्हणून अडतं. नाव छोटं करा, लगेच जाते.

४. डिस्कची फाइल सिस्टिम कुठली आहे

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, निम्मे लोक इथंच सुटतात. विंडोजवर डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये लिहिलेलं असतं. मॅकवर डिस्क निवडून 'गेट इन्फो' करा. मिंट-उबुंटूवर 'डिस्क्स' नावाचं ॲप उघडा, डावीकडं तुमची डिस्क निवडा, खाली लिहिलेलं असतं. एनटीएफएस, एक्सफॅट, फॅट३२, ईएक्सटी४, एपीएफएस किंवा एचएफएस प्लस यातलं एक काहीतरी असेल.

मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, लिहीत नाही. बिघाड नाही, मॅकमध्ये तशी सोयच दिलेली नाही. विंडोजवरून मॅकवर गेलेल्या फोटोग्राफरची तक्रार जवळजवळ नेहमी हीच असते, आणि त्यासाठी डिस्क कोणाला दाखवायला न्यायची किंवा नवी घ्यायची अजिबात गरज नसते. दोन रस्ते आहेत. एक, पैसे देऊन एनटीएफएसचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर घ्यायचं. दोन, सगळा डेटा दुसरीकडं काढून डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायची आणि डेटा परत टाकायचा. स्टुडिओत मॅक आणि घरी विंडोज असं ज्यांचं चालतं त्यांना मी दुसरा रस्ता सांगतो. नव्या मॅकला डिस्क लावल्यावर 'टाइम मशीन'साठी वापरायची का असं विचारलं तर जुना डेटा असलेल्या डिस्कला हो म्हणू नका, त्यात डिस्क पुसली जाऊ शकते, आणि एकदा ती टाइम मशीनची झाली की आपल्या इतर फायली तिच्यावर टाकता येत नाहीत.

उलटं, मॅकवरून विंडोजवर आलात तर मॅकच्या एपीएफएस आणि एचएफएस प्लस या फाइल सिस्टिम विंडोजला कळतच नाहीत. तो 'फॉरमॅट करा'चा मेसेज बहुतेक वेळा इथंच येतो. डिस्क परत मॅकला लावा, डेटा बाहेर काढा. ईएक्सटी४ चंही तसंच, विंडोजला सरळ लावून उघडत नाही.

मॅकची एचएफएस प्लस डिस्क लिनक्सला लावली तर बहुतेक वेळा नुसती वाचता येते, कारण मॅकनं जर्नलिंग (बदलांची आधी नोंद ठेवायची सोय) चालू ठेवलेलं असतं आणि तशा डिस्कवर लिनक्स लिहायचं टाळतं. जबरदस्ती करता येते, पण मी करत नाही आणि कोणाला सांगतही नाही.

एक्सफॅट मात्र तिन्हीकडं लिहिता येतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, २०१९ पासून आहे, तुमचं लिनक्स त्याहून जुनं असेल तर आधी ते अपडेट करा.

५. एनटीएफएस आहे, लिनक्सवर आहात, तरीही रीड-ओन्ली

लिनक्सला एनटीएफएसवर चांगलं लिहिता येतं. मग अडतं कुठं? विंडोजनं डिस्क नीट बंद करून दिलेली नसते.

एनटीएफएस फायलींच्या मांडणीतला बदल आधी स्वतःच्या नोंदीत लिहितं आणि मग जागेवर करतं. दुकानदार हिशोबाची वही अर्धवट उघडी टाकून उठून गेला तर दुसऱ्यानं त्यात हात घालू नये, लिनक्स तसंच वागतं. नोंदी अर्धवट दिसल्या की ते म्हणतं, मी वाचून दाखवतो पण लिहिणार नाही. काही नव्या लिनक्समध्ये तर डिस्क उघडतच नाही, 'राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक' असलं काहीतरी भयंकर दिसतं आणि माणूस डिस्क गेली म्हणून हातपाय गाळतो. हा नकार तुमच्या डेटाच्या भल्यासाठी आहे, तो जबरदस्तीनं मोडायचा नाही.

नोंदी अर्धवट कशा राहतात? डिस्क 'इजेक्ट' न करता उपटली. कॉपी चालू असताना लाइट गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नव्हता. आणि तिसरं, जे कोणाच्या लक्षातच येत नाही, 'फास्ट स्टार्टअप'. विंडोज ८ पासून शट डाउन दाबलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, निम्मं झोपी जातं म्हणजे सकाळी पटकन उठावं. तोवर लावलेल्या डिस्कची काही माहिती त्याच्याकडंच राहते. आपण रात्री शट डाउन करून डिस्क काढतो, आपल्या बाजूनं सगळं बरोबर केलेलं असतं.

एका चादरीच्या डिझायनरकडची गोष्ट सांगतो. नव्या लॅपटॉपवर मिंट होतं, कारखान्यातल्या डेस्कटॉपवर अजून विंडोज. मोराचं डिझाइन लॅपटॉपवर सुधारलं आणि सेव्ह करायला गेला तर डिस्क रीड-ओन्ली. त्यानं आधीच फोल्डरच्या परमिशन बदलायचा सपाटा लावला होता, फरक शून्य, कारण परमिशनचा प्रश्नच नव्हता. डिस्क परत कारखान्यातल्या पीसीला लावली, 'धिस पीसी'मध्ये डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, 'एरर चेकिंग'मधलं 'चेक', आणि मग 'रिपेअर'. संपेपर्यंत थांबलो, खालच्या पट्टीतून इजेक्ट केलं, लॅपटॉपला लावलं, पेस्ट झालं. एवढंच.

तुम्हीही हेच करा, डिस्क कुठल्याही विंडोज पीसीला लावा, स्वतःकडं नसेल तर शेजारच्याकडं नाहीतर सायबर कॅफेत. आणि तो पीसी तुमचाच असेल तर फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', वरचं 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' दाबल्यावर खाली टिक दिसते ती काढा. तात्पुरतं करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, तेव्हा विंडोज खरंच पूर्ण बंद होतं. रीस्टार्टही पूर्णच होतं.

विंडोज कुठंच मिळत नसेल तर लिनक्सवर एनटीएफएसफिक्स नावाची कमांड आहे, डिस्क अनमाउंट करून (लावलेलीच ठेवून लिनक्सपासून सोडवून) मग चालवायची. ती बारीकसारीक दुरुस्ती करते आणि अर्धवटची खूण काढते, पण विंडोजच्या चेकची जागा ती घेऊ शकत नाही. बॅकअप घेतलेला असेल तरच चालवा.

जुन्या पीसीतली सी ड्राइव्हवाली डिस्क काढून केसिंगमध्ये (बाहेरून यूएसबीनं लावायच्या डबीत) टाकली असेल तर तिच्यात झोपलेल्या विंडोजची फाइल तशीच असते, म्हणून ती लिहू देत नाही. ते विंडोज परत कधीच चालू करायचं नसेल तर ती फाइल काढून डिस्क उघडायची सोय लिनक्सवर आहे. परत वापरायचं असेल तर त्या पीसीला लावा, विंडोज चालू करा, पूर्ण बंद करा, मग काढा.

६. मालकी आणि परमिशन

डिस्क ईएक्सटी४ असेल किंवा विंडोजवरून नव्या विंडोजवर गेला असाल तर इथं बघा. एक्सफॅट-फॅट३२ वाल्यांनी हे सोडून द्या, त्यात फाइलची मालकी साठवलीच जात नाही.

लिनक्स फाइलवर मालकाचं नाव लिहीत नाही, नंबर लिहितं. पहिल्या युजरचा नंबर आजकाल बहुतेक ठिकाणी १००० असतो, म्हणून मिंटवरून उबुंटूवर गेलं तरी सहसा अडत नाही. पण तुम्ही नव्या मशीनवर दुसरे युजर असाल, किंवा डिस्क 'डिस्क्स' ॲपमधून नव्यानं ईएक्सटी४ केली असेल तर मालक रूट असू शकतो आणि फोल्डरवर ते बारकं कुलूप दिसतं. मिंटमध्ये राइट क्लिक करून 'ओपन ॲज रूट', मग प्रॉपर्टीज, परमिशन्स, मालक बदलून स्वतःला करा. टर्मिनलमधून करायचं असेल तर डिस्कचा पूर्ण पत्ता दोनदा वाचून मगच एंटर मारा, चुकून सगळ्या सिस्टिमची मालकी बदलली तर लिनक्स परत टाकावं लागतं. आणि रूट म्हणून उघडलेल्या खिडकीत नेहमीचं कॉपी-पेस्ट करू नका, त्या फायलीही रूटच्या होतात.

विंडोजवर युजरचं नाव तेच ठेवलं तरी नव्यानं टाकलेल्या विंडोजसाठी तुम्ही नवा माणूस असता, कारण आतली ओळख बदललेली असते. फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, 'ओनर'समोर 'चेंज', तिथं स्वतःचं नाव द्या आणि खालची 'रिप्लेस ओनर' टिक करा. मोठ्या डिस्कला वेळ लागतो, मध्ये बंद करू नका.

७. एकाच ॲपमधून सेव्ह होत नाही का

फाइल मॅनेजरमधून पेस्ट होतं पण एखाद्या ॲपमधून त्या डिस्कवर सेव्ह होत नाही, असं असेल तर डिस्कला हातच लावू नका. लिनक्सवर स्नॅप किंवा फ्लॅटपॅक (बंदिस्त ॲप टाकायच्या पद्धती) यातून टाकलेल्या ॲपला बाहेरच्या डिस्कची परवानगी वेगळी द्यावी लागू शकते. मॅकवर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'फाइल्स अँड फोल्डर्स'मध्ये बघा.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) लावलेली डिस्क पासवर्ड किंवा ४८ आकडी रिकव्हरी की दिल्याशिवाय उघडणार नाही. जुना लॅपटॉप विकायच्या किंवा विंडोज पुसायच्या आधी ती की वहीत लिहून ठेवा. की हरवली तर मी काय, कोणीच काही करू शकत नाही.

८. डिस्कची तब्येत

वरचं सगळं करून झालं, किंवा रीड-ओन्ली प्रॉब्लेम नीट करूनही दर दोन-चार दिवसांनी परत येतोय, तर आता डिस्कवरच संशय घ्या. 'डिस्क्स' ॲपमध्ये वरच्या मेनूत 'स्मार्ट डेटा' आहे, म्हणजे डिस्कनं स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट मिळतं. तीन ओळी बघायच्या: रीॲलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर, ऑफलाइन अनकरेक्टेबल. शून्य असतील तर छान. पेंडिंगमध्ये आकडा आहे आणि आठवड्यानं तो वाढलाय, म्हणजे डिस्क जायला निघाली. इथं विंडोजचा चेक-रिपेअर चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला तो तासन् तास पळवतो. जेवढं निघतंय तेवढं महत्त्वाचं आधी, बाकीचं नंतर, असं काढून घ्या.

स्मार्ट चांगलं आहे, केबल नवी आहे, विंडोजवर व्यवस्थित चालते आणि फक्त लिनक्सवर कॉपीत मध्येच सुटते, असंही होतं. काही केसिंगमधल्या चिपचं लिनक्सच्या यूएएस नावाच्या वेगवान पद्धतीशी जमत नाही. त्या केसिंगपुरती ती पद्धत बंद करता येते, वेग थोडा कमी होतो पण डिस्क टिकून राहते. हे लिनक्सच्या जाणत्या माणसाकडून करून घ्या.

ऑनलाइन स्वस्तात '१६ टीबी' म्हणून घेतलेली डिस्क असेल आणि थोडा डेटा गेल्यावर पुढचा बिघडत असेल, तर आत तेवढी जागाच नसते, आकडा खोटा लिहिलेला असतो. लिनक्सवर एफ३, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू यांनी खरी जागा कळते. ती दुरुस्त होत नाही, परत करा.

९. शेवटचा उपाय म्हणून फॉरमॅट

डेटा पूर्ण बाहेर आहे आणि दोन-चार मोठ्या फायली उघडून बघितल्यात, मगच. फक्त लिनक्स वापरणार असाल तर ईएक्सटी४, विंडोज आणि लिनक्स दोन्ही असेल तर एनटीएफएस, मॅकही मध्ये असेल तर एक्सफॅट. एक्सफॅटमध्ये ती नोंदीची सोय नाही, कॉपी चालू असताना उपटली तर नुकसान जास्त होऊ शकतं, म्हणून तिथं इजेक्ट करणं टाळू नका. लिनक्सवर कॉपीची पट्टी शंभर टक्के दिसली तरी मागं लिहिणं चालूच असतं, 'आता काढायला हरकत नाही' असा मेसेज येईपर्यंत थांबा.

इथं थांबा आणि जाणकाराकडं न्या

डिस्कमधून टकटक किंवा करकर आवाज येतोय, किंवा लावल्यावर फिरतच नाही. पडली होती. पाणी गेलं. साइज शून्य दाखवते. फाइल सिस्टिमच्या जागी 'रॉ' दिसतं आणि त्या डेटाची दुसरी कॉपी कुठंच नाही. पेंडिंग सेक्टर वाढतायत आणि आत लग्नाचं, जमिनीच्या कागदाचं, जीएसटीचं असं परत न मिळणारं काही आहे. यातलं एक जरी असलं तरी पहिलं काम म्हणजे वायर काढा. परत परत लावून 'आता तरी दिसते का' बघणं बंद करा, आवाज करणारी डिस्क प्रत्येक वेळी चालू केली की आतला पृष्ठभाग अजून खरवडला जाऊ शकतो.

डिस्क उघडून बघणाऱ्याकडं देऊ नका. हार्डडिस्कचं झाकण क्लीन रूममध्येच (धूळ नसलेल्या खास खोलीत) उघडायचं असतं, आणि आपल्याकडं तर हवेत लूमचा कापूस उडत असतो. 'केसिंग बदलून बघू' हेही आधी विचारून घ्या, बऱ्याच नव्या पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डवरच असतो, केसिंग बदलायला काही नसतंच, आणि काहींत त्या बोर्डवरच एन्क्रिप्शन (डेटा गुप्त लिपीत लिहायची सोय) असतं, बोर्ड बदलला तर डेटा वाचता येत नाही.

पुण्याच्या किंवा हैदराबादच्या लॅबला पाठवायची वेळ आली तर तपासणीचे पैसे किती, डेटा निघाला नाही तर किती, आणि निघालेल्या फायलींची यादी पैसे भरायच्या आधी दाखवणार का, हे तिन्ही लेखी घ्या. सोबत एका कागदावर लिहून द्या: आधी कुठली सिस्टिम होती, आता कुठली आहे, फाइल सिस्टिम कुठली, पहिला मेसेज काय आला, आणि त्यानंतर तुम्ही काय काय चालवून बघितलं. काही लपवू नका, रिपेअर चालवला असेल तर तसं लिहा, कारण पुढचं काम कुठून सुरू करायचं हे त्यांना त्यावरूनच ठरवता येतं.